खडकचिमणीची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसायचे असेल तर खुशाल बसा. परवानगी मागू नका. मी ओक लाकडाची, फार ताठ पाठीची एक जुनी खुर्ची आहे, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे माझ्यावर कोणीही बसले नाही. मी मोडकी होते म्हणून नव्हे. माझा मान मोठा होता म्हणून. मानापायी एखादी वस्तू कशी अडकून पडते, आणि तिच्याबरोबर माणसेही कशी अडकतात, ते मी सांगणार आहे.

वेल्सच्या डोंगरांत कुम हेलिग नावाचे खोरे आहे. तिथे पाटीच्या दगडाची खाण होती आणि नदीच्या वळणावर एक ओक होता. एका हिवाळ्यात तो वाऱ्याने पडला. ओवेन सुताराने त्याचा बुंधा ओढून नेला, वाळवला आणि त्यातून मला घडवले. एरवी ओवेन दारे, खिडक्या आणि शवपेट्या करी. वर्षातून एकदाच तो खुर्ची करी, आणि ती विकत नसे. उन्हाळा सरताना चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या मैदानात मोठा तंबू ठोकून कवितेचा मेळा भरे. त्यात ज्याची कविता पहिली येई, त्याला ती खुर्ची मिळे.

माझी पाठ बसवताना ओवेनची बायको दारात येऊन म्हणाली, "इतकी ताठ कशाला रे? हिच्यावर कवी बसायचाय की कोर्टातला साक्षीदार?"

"कवी आयुष्यभर टेबलावर वाकलेलाच असतो," ओवेन म्हणाला. "निदान माझ्या खुर्चीत तरी सरळ बसू दे त्याला."

माझ्या माथ्यावर त्याने विलो झाडाची पाने कोरली, हातांवर मेण चोळले आणि मला तंबूतल्या मंचावर नेऊन ठेवले. त्या दिवशी मी फार खूश होते. थोड्याच वेळात माझ्यावर कोणीतरी बसणार होते.

आमच्या खोऱ्याची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. कवीने कविता टोपणनावाने द्यायची. खरे नाव कोणालाही, कुठेही कळवायचे नाही. मेळ्याच्या दिवशी परीक्षक मंचावरून ते टोपणनाव पुकारतो, तुतारी वाजते आणि ज्याची कविता असेल तो गर्दीतून उभा राहतो. उभे राहणे हीच त्याची सही. तोवर शेजारी बसलेल्यालाही पत्ता नसतो.

त्या वर्षी कवितेचा विषय होता 'खिडकी'. परीक्षक होते बांगोरच्या महाविद्यालयातले प्राध्यापक मोस्तिन. पहिली आलेली कविता त्यांनी थांबत थांबत वाचली. एक जीव खिडकीशी उभा आहे. खिडकी खिळ्यांनी बंद आहे. बाहेर खाणीतल्या टाकाऊ दगडांचा डोंगर आहे आणि तो दर वर्षी थोडा जवळ येतो. शेवटची ओळ अशी होती: "चार खांदे येतील, आणि ही खिडकी उघडेल."

मग मोस्तिन म्हणाले, "तुतारी वाजली की खडकचिमणी, आणि फक्त खडकचिमणी, उभी राहो."

तुतारी वाजली. मी मंचावर उंच जागी होते, मला सगळे दिसत होते. पाचव्या-सहाव्या बाकावर गावच्या शाळेतली शिक्षिका तेगवेन पॅरी बसली होती. तिने पुढच्या बाकाच्या पाठीवर हात टेकला. ती अर्धी उठली. मग तिने शेजारी पाहिले आणि ती खाली बसली.

शेजारी तिचे वडील होते, इदवल पॅरी. तरुणपणापासून खाणीत दगड फोडलेला माणूस. छातीत दगडाची धूळ साचलेली, आणि कविता अशी की खोऱ्यात त्यांना मान होता. ते दरवर्षी स्पर्धेत उतरत आणि दरवर्षी हरत. त्या वर्षी मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितले होते, "बस्स झालं. आता माझ्यात तेवढा दम नाही." म्हणूनच तेगवेनने प्रथमच धाडस केले होते. वडिलांच्या विरुद्ध ती कधी उतरली नसती.

ती का बसली, ते तिच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच कळले, आणि पुढे त्यांच्या घरात राहून नीट समजले. ती बांगोरला शिकली होती. गावच्या शाळेत एका वर्षासाठी आली होती. त्याच वर्षी आई गेली, भाऊ लिव्हरपूलला निघून गेला आणि वडिलांची छाती खंगत गेली. एका वर्षाची किती वर्षे झाली, ते तिने मोजणे सोडले होते. शाळेला लागून शिक्षिकेचे घर होते. त्याच्या बोळात असे काटकोनी वळण होते की शवपेटी दारातून निघत नसे. आईला नेताना बैठकीच्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढावी लागली होती. नंतर ती चौकट खिळे ठोकून बंद केली ती कायमची. आता तुम्हीच सांगा, चार खांदे कोणाला न्यायला येणार होते? वडील शेजारी बसलेले असताना ती कशी उभी राहणार?

तेवढ्यात इदवलना खोकल्याची उबळ आली. ते पुढे वाकले, बाकाला धरून उठायला धडपडू लागले. बहुधा त्यांना बाहेर मोकळ्या हवेत जायचे होते. मागच्या बाकावर पोस्टमन विल होता. त्याने त्या बाकावर काहीतरी हालचाल झालेली पाहिली होती. तो ओरडला, "अहो, इदवल आहेत! त्यांना उठवत नाहीये! धरा, धरा त्यांना!"

झाले. सगळा तंबू उभा राहिला. चार धट्टेकट्टे खाणकामगार धावले आणि त्यांनी म्हाताऱ्याला उचलून मंचावर आणले. इदवल हात हलवून नको नको म्हणत होते, पण तोंडातून आवाज फुटत नव्हता. लोकांना वाटले, विनयाने नको म्हणताहेत. खांद्यावर विजेत्याचा जांभळा झगा पडला. गाणे सुरू झाले. म्हाताऱ्याला श्वास परत मिळाला, तेव्हा सगळे गाव त्यांच्याकडे पाहून रडत होते.

ते माझ्यावर बसले नाहीत. माझ्या हातावर पंजा टेकून उभे राहिले. मग परत उबळ आली आणि लोक त्यांना घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मला त्या घरी नेले. बोळातल्या वळणावर मी अडकले. आडवी केली, उलटी केली, पण जाईना. ओवेनने खिडकीचे खिळे उपटले, चौकट काढली आणि मला आत सरकवले.

"आईच्या वेळी हीच चौकट काढली होती मी," तो तेगवेनला म्हणाला. "परत पक्की ठोकून देतो, बाई. आता ही खुर्ची काही बाहेर जात नाही."

हातोड्याचा आवाज थांबला, आणि मी आत राहिले.

बैठकीच्या त्या खोलीत हार्मोनियम होते, बायबल होते, कपाटावर चिनी मातीचे दोन कुत्रे होते. खोली फक्त पाद्रीसाहेब आले की उघडे, किंवा घरात कोणी वारले की. त्या संध्याकाळी बापलेक दोघेच माझ्यासमोर उभे राहिले. तेगवेन झग्याची घडी घालत होती.

"चांगली कविता आहे," इदवल म्हणाले.

"हो."

"कोणाची असेल?"

तिने घडी मोडली, परत घातली. "सगळे तुमचीच म्हणताहेत."

"हं," इदवल म्हणाले. मग दार लोटून निघून गेले.

मित्रांनो, त्यांना ठाऊक होते. आमच्या खोऱ्यातली कविता सोपी नसते. ओळीच्या पहिल्या भागात जी व्यंजने येतात, ती त्याच क्रमाने दुसऱ्या भागात परत वाजवावी लागतात. ही विद्या इदवलनीच मुलीला शिकवली होती. जेवताना ते अर्धी ओळ टाकत आणि घास गिळायच्या आत तिने उरलेली अर्धी जोडायची. त्या घराण्याची कविता लिहू शकणारी माणसे जगात दोनच होती. आपण लिहिली नाही हे एकाला पक्के माहीत होते. "ही माझी नाही" म्हणावे, तर गाव लगेच विचारील, मग कोणाची? आणि चार खांद्यांच्या त्या ओळीचा अर्थ गावाला उघड कळेल. न म्हणावे, तर दुसऱ्याचा मान अंगावर बाळगायचा. ती मनातून कशाची वाट पाहते, हे त्यांना कळले होते. त्यांना कळले आहे, हे तिला कळले होते. आणि दोघांच्या मध्ये, खिळे ठोकलेल्या खोलीत, मी.

जेवतानाचा तो खेळ बंद झाला. भिंतीपलीकडून मला फक्त चमच्यांचा आवाज येई.

गावाने मात्र कवितेचा अर्थ कधीच लावून टाकला होता. एलिस पाद्रींनी रविवारी तिच्यावर प्रवचन दिले. घर म्हणजे देह, खिडकीशी उभा आहे तो आत्मा, चार खांदे आपल्याला न्यायला आले की स्वर्ग उघडतो. एका थकलेल्या खाणकामगाराने मरणाची वाट किती शांतपणे पाहिली आहे! बायका डोळे पुसत मनुकांचा पाव घेऊन घरी येऊ लागल्या. विल पोस्टमन प्रत्येक दारात ती ओळ म्हणू लागला. इदवल काठी टेकत बाहेर पडले की तो हाक मारी, "काय इदवल, उघडली का खिडकी?"

"अजून नाही रे. बिजागऱ्या गंजल्यात," ते म्हणत.

लोक हसत. तेगवेन हसत नसे.

पाहुणे आले की म्हणत, "बसा की तुमच्या खुर्चीत! आम्हाला बघू तरी द्या." इदवल दर वेळी वेगळे कारण सांगत. गुडघा दुखतो. पाठ फार ताठ आहे. आज रविवार आहे. ते कधीच बसले नाहीत. आपण बसावे असे त्यांना कधी वाटले की नाही, ते मला सांगता येणार नाही. एकदा ते एकटेच आत आले, माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि विलोच्या पानांवरून बोट फिरवून परत गेले.

एकदा प्राध्यापक मोस्तिन चहाला आले. म्हणाले, "इदवल, तुम्ही तरुण असतात तर मी तुम्हाला बांगोरलाच नेलं असतं. आमच्या विद्यार्थ्यांना ही विद्या शिकवायला माणूस मिळत नाही हो."

इदवलनी मुलीकडे पाहिले. ती चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलाच्या कापडावर डाग पसरला.

"म्हातारा झालो मी," इदवल म्हणाले.

दोघांपैकी कोणीतरी एकच वाक्य बोलायला हवे होते. मला बोलता येत असते तर मी बोलले असते. माझ्या पाठीला कीड लागू लागली होती, हातांवर धूळ साचत होती. पण सर्वांत जड होते ते हे गप्प राहणे.

भिंतीच्या एका बाजूला शाळा होती. तेगवेनचा आवाज मला दिवसभर ऐकू येई. वरून साहेब तपासणीला येणार असला की वर्गात इंग्रजी पाढे, आणि साहेब गेला की मैदानात आमच्या भाषेतली गाणी. ती मुलांना ओळी जोडायला शिकवी. तिच्या वर्गातल्या पोरांना अर्धी ओळ दिली की ती भांडत भांडत पुरी करत. बंद खोलीत मला तेवढाच विरंगुळा होता.

वर्षातून एकदा ती मुलांना मला दाखवायला आणी. नेस्ट नावाच्या एका छोट्या मुलीने माझा हात धरला.

"मिस, मी बसू?"

"नाही गं. ही जिंकावी लागते."

"तुम्ही बसलात कधी?"

"नाही."

"का?"

"ही बाबांची आहे म्हणून."

"पण तेसुद्धा बसत नाहीत!" नेस्ट म्हणाली. "मग ही बिचारी करते तरी काय?"

तेगवेनने मुलांना बाहेर काढले. दार लावताना तिचा हात कडीवर थोडा रेंगाळला.

मग इदवलना जिना चढवेना. त्यांचा पलंग बैठकीत, माझ्यासमोर आणला. आता त्या खोलीत आम्ही दोघे अडकलो होतो. ते माझ्याकडे बघत पडून राहत. श्वास घेताना त्यांच्या छातीत वाळू चाळल्यासारखा आवाज येई.

गावाला वाईट वाटले. मेळ्याच्या मंडळाने ठरवले की इदवलना खुर्चीत बसवण्याचा विधी अर्धा राहिला होता, तो ते आहेत तोवर घरीच पुरा करायचा. मुलांची तयारी कोण करून घेणार? मिसच. रीतीप्रमाणे तलवार अर्धी उपसून पाद्री तीनदा विचारतील, "शांतता आहे का?", आणि मुलांनी तीनदा ओरडायचे, "शांतता!" भिंतीपलीकडून मी ती तालीम ऐकत होते. "अजून मोठ्याने," तेगवेन म्हणत होती. तिचाच आवाज सर्वांत बारीक होता.

शनिवारी दुपारी सगळे जमले. खोलीत पाद्री, प्राध्यापक मोस्तिन, ओवेन, विल आणि मंडळाची माणसे. मुले बाहेर मैदानात, खिडकीच्या काचेला नाके लावून. तेगवेन हार्मोनियमवर, आमच्याकडे पाठ करून. माझी धूळ पुसून मला पलंगाशेजारी सरकवले होते. इदवलच्या अंगावर तोच जांभळा झगा.

पाद्रींनी तलवार अर्धी ओढली. "शांतता आहे का?"

"शांतता!" काच थरथरली.

तीनदा झाले. तलवार म्यानात गेली. मोस्तिन म्हणाले, "खडकचिमणी, आणि फक्त खडकचिमणी, उभी राहो."

विलने तुतारी वाजवली. बेसूर वाजवली. दोन माणसे इदवलना धरायला पुढे झाली. इदवलनी हाताने त्यांना मागे सारले आणि ते उशीला टेकून तसेच बसून राहिले.

"थकलात का?" पाद्रींनी हळूच विचारले.

"परत हाक मारा," इदवल म्हणाले.

"तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

"मला आलं. तिची पाठ आपल्याकडे आहे, तिला आलं नसेल." त्यांनी श्वास गोळा केला. "तेव्हा तंबूत पण तुम्ही एकदाच मारलीत. परत मारा."

कोणाला काही कळेना. मोस्तिनना मात्र कळले. त्यांनी हार्मोनियमकडे पाहिले आणि शांतपणे परत म्हटले, "खडकचिमणी उभी राहो."

हार्मोनियमच्या पट्ट्यांवर हात पडून एक वेडावाकडा सूर निघाला. तेगवेन उभी राहिली. तिने वळून आमच्याकडे तोंड केले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कविता माझी आहे," ती म्हणाली. "सगळी. शेवटची ओळपण."

विल हळूहळू एकेक शब्द जुळवत होता. "म्हणजे... अगं, मग ते चार खांदे..."

"माझ्यासाठीच, मूर्खा," इदवल म्हणाले. "आणि चारात भागणार नाही. अजून अंगात वजन आहे माझ्या, सहा आणा."

ओवेन पहिल्यांदा हसला. मग विल. पाद्रींना हसावे की प्रवचन मागे घ्यावे ते कळेना. इदवल मुलीकडे बघत होते.

"दुसऱ्या कडव्यात एक ओळ ढिली आहे," ते म्हणाले. "ती मी सुधारून दिली असती. शेवटची नाही. शेवटची मला लिहिता आली नसती." मग त्यांनी विचारले, "खरी आहे ना ती?"

"होती," तेगवेन म्हणाली. "कधी कधी अजूनही असते."

"असू दे. बस आता. मला बघायचंय."

तिने झगा वडिलांच्या खांद्यावरून काढला नाही. तशीच, खडूच्या डागांच्या स्कर्टमध्ये, ती माझ्यावर बसली. माझी पाठ ताठ होती, तीही ताठ बसली. बाहेरून मुलांना काय झाले ते समजले नव्हते, पण मिस खुर्चीत बसलेली दिसली आणि कोणी न विचारताच पोरे ओरडली, "शांतता!"

त्यानंतर इदवल फार दिवस जगले नाहीत. पण त्या दिवसांत खोलीत परत तो खेळ सुरू झाला. ते दोन श्वासांच्या मध्ये अर्धी ओळ टाकत, आणि ती माझ्यावर बसून, विणकाम करता करता, उरलेली अर्धी जोडत असे. कधी कधी दोघे चिडत. मला ते फार आवडे.

वसंतात ओवेनने खिळे उपटून चौकट काढली. खांदे सहा होते, विलने तसे बजावूनच ठेवले होते. तेगवेन उघड्या खिडकीशी उभी राहून बघत होती. ती रडत होती, आणि गार वारा तिच्या केसांत शिरत होता. ती ओळ तिने म्हटली नाही.

लोक परतल्यावर ओवेन हातोडा घेऊन आला. "ठोकू परत?"

"थांब," ती म्हणाली. "आधी ही बाहेर काढ. आणि मग बिजागऱ्या लाव, ओवेन. उघडता आली पाहिजे."

मी आले होते त्याच वाटेने बाहेर पडले. तिने मला शाळेत, मुलांच्या मध्ये ठेवले आणि शरद ऋतूत ती बांगोरला शिकवायला गेली. जाताना मुलांना एवढेच सांगून गेली की या खुर्चीत बसायला काही जिंकावे लागत नाही, फक्त एक ओळ पुरी करावी लागते. पहिली बसली ती नेस्ट.

तेव्हापासून माझ्या हातांवरचे मेण उडाले आहे, विलोच्या एका पानाचा टवका गेला आहे, आणि कोणीतरी माझ्या पायावर आपले नाव कोरले आहे. मला त्याचे दुःख नाही. जमले तर वर्षातून एकदा मला तेल चोळा, ओलीपासून दूर ठेवा. पण मानाच्या खोलीत बंद करू नका, मला नको आणि माणसांनाही नको. आणि मित्रांनो, तुमच्यात कोणी अर्धे उठून परत खाली बसलेले दिसले, तर दुसऱ्याच कोणाला उचलून मंचावर नेऊ नका. थोडे थांबा. तिची पाठ तुमच्याकडे असेल. हाक परत मारा.